अँबियंट संगीत आणि मनाला मिळणारा निवांतपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँबियंट संगीत नेमकं कशाला म्हणायचं?

ज्यात ठेका नसतो किंवा असलाच तर पुसट असतो, शब्द नसतात आणि सूर लांबलांब ताणलेले, एकमेकांत मिसळत जाणारे असतात, ते अँबियंट. त्यात सिंथेसायझर, पियानो, गिटार, ऑर्गन किंवा नुसता आकार लावलेला गळा असतो, कधी पाण्याचं किंवा वाऱ्याचं ध्वनिमुद्रणही. मुखडा-अंतरा नाही. सम नाही, त्यामुळे समेची वाट पाहणंही नाही.

फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ मध्ये खोलीतल्या खुर्ची-टेबलासारखं, नुसतं आजूबाजूला असणारं संगीत ही कल्पना मांडली. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या टिपणात त्याला नेमकी अट जोडली: लक्ष दिलं तर ऐकावंसं वाटावं आणि दुर्लक्ष केलं तरी बिघडू नये. दिलासा हवा असेल तर ट्रॅक निवडताना हीच अट लावा. सारखं लक्ष वेधून घेणारा ट्रॅक कितीही सुंदर असला तरी या कामाचा नाही.

ते ऐकून बरं का वाटतं?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही कान पहाऱ्यावर असतात. अचानक झालेला, वेगळा, जवळ येणारा आवाज आला की शरीर क्षणभर थबकतं, लक्ष तिकडे वळतं, हृदयाची गती बदलते. दार आपटलं की काळजात धस्स होतं ते यामुळेच. अँबियंट संगीतात असे धक्के मुळातच काढून टाकलेले असतात. पियानोची पट्टी दाबल्यावर सूर काही मिलिसेकंदांत पूर्ण जोरात येतो, तर सिंथेसायझरवरचा मऊ सूर एक ते तीन सेकंद घेत फुलतो. कानाला तो येताना दिसतो, दचकण्याचं कारण उरत नाही. जाताना तो घुमाऱ्यात विरतो, म्हणून संपल्याचाही धक्का बसत नाही.

दुसरं कारण झाकण्याचं. पूर्ण शांत खोलीत नळाचा थेंब, शेजारच्या खोलीतली कुजबूज, फ्रिजचा खटका हे सगळं ठळक ऐकू येतं. सलग, मंद आवाजाची चादर पसरली की हे बारीक आवाज त्यात बुडतात आणि पहारा सैल पडतो.

तिसरं कारण श्वासाचं. अनेक ट्रॅकमध्ये सूर आठ-दहा सेकंदांच्या लाटांत चढतात आणि उतरतात. स्वस्थ बसून ऐकताना श्वास त्या लाटांच्या आसपास संथ होऊ लागतो. मिनिटाला सहाच्या सुमारास श्वास, म्हणजे दहा सेकंदांना एक, ही गती शरीर शांत करण्याच्या व्यायामांत मुद्दाम वापरली जाते. संगीत हा व्यायाम आपोआप करून घेईलच असं नाही. मात्र उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब ठेवलात तर त्याची साथ चांगली मिळते.

चौथं कारण सवयीचं, आणि आमच्या मते सगळ्यात कमी लेखलं जाणारं. तोच ट्रॅक रोज निवांत वेळी ऐकला की काही आठवड्यांनी त्याचे पहिले सूरच शरीराला ‘आता सुटलो’ असं सांगतात. म्हणून रोज नवीन प्लेलिस्ट शोधणाऱ्यापेक्षा दोन-तीन ट्रॅक धरून राहणाऱ्याला जास्त आराम मिळतो.

तानपुरा ऐकला तर तेच होतं का?

बऱ्याच अंशी होतं. षड्ज-पंचमाचा अखंड झंकार म्हणजे ड्रोनच, न थांबता चालू राहणारा आधारसूर. शिवाय हा धागा इतिहासातही जोडलेला आहे: अमेरिकेत ड्रोन संगीताचा पाया घालणारे ला माँट यंग १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकले.

फक्त तानपुऱ्याच्या तारा छेडल्याचं दर वेळी ऐकू येतं आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, वरचे स्वरांश चमकतात. काहींना ती चमक सुखावते, झोपेच्या वेळी मात्र ती टोचू शकते. तेव्हा इक्वलायझरमध्ये (उंच आणि खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय) ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग ३ ते ४ डेसिबलने उतरवा.

आवाज किती ठेवायचा?

बहुतेकांना वाटतो त्याहून कमी. ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांची पहिली चूक बहुधा इथेच असते.

या प्रकाराचा जन्मच कमी आवाजातून झाला. १९७५ मध्ये अपघातानंतर ईनो अंथरुणाला खिळलेले असताना हार्पची रेकॉर्ड इतकी हळू लागली होती की सूर बाहेरच्या पावसात मिसळून गेले. उठून आवाज वाढवण्याचं त्राण नव्हतं, म्हणून ते तसंच ऐकत राहिले आणि ऐकण्याची एक नवी तऱ्हा त्यांना सापडली.

करायचं असं. आवाज शून्यावर आणा. एकेक पायरी वाढवत जेमतेम ऐकू येईपर्यंत जा, मग आणखी दोन पायऱ्या चढा आणि थांबा. पाच मिनिटं हात लावू नका, कान जुळवून घेतात. स्वतःचा श्वास किंवा पंख्याचा आवाज संगीताबरोबर ऐकू येत असेल तर पातळी बरोबर आहे. आकड्यांत सांगायचं तर कानापाशी ४० ते ४५ डेसिबल. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. फोनवरचं मोजणी ॲप काही डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, पण अंदाजाला पुरतं.

एक अडचण येते. आवाज कमी केला की खालचे सूर आधी गायब होतात, कारण मंद पातळीवर आपले कान खर्जाला कमी संवेदनशील असतात. संगीत पातळ, पत्र्यासारखं वाटू लागतं आणि हात पुन्हा व्हॉल्यूमकडे जातो. तसं करू नका. फक्त बास ३-४ डेसिबल वाढवा. फोनच्या इवल्या स्पीकरवर मात्र बास वाढवून उपयोग नाही. त्याला ते सूर वाजवताच येत नाहीत, उलट तो फरफरतो.

हेडफोन बरा की स्पीकर?

घरात एकटे असाल तर स्पीकर. आवाज खोलीतून येतो तेव्हा तो जागेचा भाग होतो. हेडफोनमध्ये तो डोक्याच्या आत वाजतो आणि त्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बास साचून घुम्म होतो आणि छातीवर दडपण आल्यासारखं वाटतं. कोपऱ्यापासून अर्धा-पाऊण मीटर पुढे घ्या, तोंड थेट स्वतःकडे न करता भिंतीकडे वळवा.

प्रवासात किंवा गजबजलेल्या जागी हेडफोनला पर्याय नाही. तिथे धोका वेगळा: बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८६ डेसिबलला फक्त १० तास. कान नीट झाकणारा किंवा बाहेरचा आवाज रद्द करणारा हेडफोन घेतला तर कमी आवाजात भागतं.

पहिल्यांदाच ऐकतोय. कंटाळा आला तर?

येऊ द्या. तीन-चार मिनिटांनी ‘यात काहीच घडत नाहीये’ असं वाटतं, ते बरोबरच आहे. नुसतं बसून ऐकण्याची सक्ती करू नका. कपड्यांच्या घड्या घालणं, झाडांना पाणी, आवराआवर असं हाताचं काम करत वीस मिनिटं लावून ठेवा. दहा दिवस एकच ट्रॅक, शक्यतो एकाच वेळेला.

झोपण्यासाठी कसं वापरावं?

इथे संगीताच्या निवडीपेक्षा मांडणीवर जास्त अवलंबून असतं. माणूस गाढ झोपेच्या उंबरठ्यावर असतो आणि तेवढ्यात जाहिरात सुरू होते. सगळी मेहनत वाया. म्हणून ट्रॅक आधी डाउनलोड करून ठेवा, फोन विमान मोडवर टाका (ब्लूटूथ लागत असेल तर तेवढं पुन्हा सुरू करा) आणि ॲपमधलं ऑटोप्ले बंद करा. नाहीतर यादी संपल्यावर ॲप आपल्या मनाने काहीही लावतं.

एकाच ४५ ते ६० मिनिटांच्या सलग ट्रॅकला प्राधान्य द्या. यादीच वापरायची असेल तर शफल बंद, आवाजाची पातळी समान ठेवणारं सेटिंग चालू आणि दोन ट्रॅक एकमेकांत मिसळण्यासाठी क्रॉसफेड ८ ते १२ सेकंद. प्रत्येक ट्रॅकच्या शेवटी येणारी शांतता आणि पुढच्याची सुरुवात, हे सांधेच झोप मोडतात.

टायमर ४५ मिनिटांचा ठेवा, आणि शक्यतो आवाज हळूहळू उतरवत नेऊन बंद करणारा. संगीत एकदम थांबलं तर ती शांतताही काहींना जागं करते. आयफोनवर घड्याळाच्या ॲपमध्ये टायमर लावताना ‘संपल्यावर’ या पर्यायाच्या यादीत अगदी तळाला ‘वाजणं थांबवा’ असं असतं. ते निवडलं की कोणतंही ॲप चालू असलं तरी बंद होतं.

इअरबड घालून झोपू नका. कुशीवर वळलं की ते कानाच्या नळीवर दाबले जातात, मळ आत ढकलला जातो, सकाळी कान दुखतो. उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर किंवा कापडी पट्टीत बसवलेला हेडफोन चालतो.

आणखी एक गोष्ट. संगीत लावल्याशिवाय झोपच येत नाही अशी गाठ बसली तर मध्यरात्री जाग आल्यावर पुन्हा तेच लावावं लागतं. तसं होऊ लागलं तर दर तीन-चार रात्रींनी आवाज एक पायरी खाली आणा. अचानक बंद करू नका.

मला ऐकून उलट अस्वस्थ वाटतं. माझ्यात काही चुकतंय का?

नाही. हे अनेकांना होतं. सतत ताणाखाली असलेल्या माणसाला सैल पडणंच असुरक्षित वाटतं. पहारा उतरवला तर काहीतरी होईल अशी धास्ती छातीत उठते. मानसोपचारात ही ओळखीची गोष्ट आहे. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, आडवं होण्याऐवजी बसा, पाच मिनिटांपासून सुरू करा आणि हातात काहीतरी काम असू द्या. भूतकाळातल्या एखाद्या जबर धक्क्यामुळे असं होत असेल तर एकट्याने जोर लावू नका, समुपदेशकाला सोबत घ्या.

काही वेळा दोष ट्रॅकमध्येच असतो. ‘डार्क अँबियंट’ हा उपप्रकार भीती आणि पोकळीची भावना जागवण्यासाठीच घडवलेला असतो आणि सुचवण्या देणारी ॲप्स तो बाकीच्यांत सर्रास मिसळतात. ओळखायची खूण: तळाशी सतत गुरगुरणारा बास आणि एकमेकांना घासणारे सूर. हे घासणं नीट ऐकून पाहण्यासारखं आहे. ४४० आणि ४४१ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजले तर सेकंदाला एक अशी हळुवार डोलणारी लाट ऐकू येते आणि ती सुखावते. तोच फरक वीस-तीस हर्ट्झवर गेला की लाटेची खरखर होते आणि अंगावर काटा येतो. चांगले कलाकार हा फरक कानाने तोलतात.

मन खूप खिन्न असताना काय लावावं?

आनंदी काही लावून मन ओढून वर काढायचा प्रयत्न बहुधा फसतो. मनाच्या रंगाशी जुळणारं, पण त्याहून थोडं उजळ असं निवडा. मंद पियानो, उबदार तंतुवाद्यं, मधूनच एखादा मोठ्या अंतराने येणारा सूर. रडू आलं तर येऊ द्या, ते बिघडल्याचं लक्षण नाही. रडून झाल्यावर हलकं वाटतं की आणखी खोल गेल्यासारखं, एवढंच पाहा. दुसरं होत असेल तर ट्रॅक बदला किंवा कोणाशी तरी बोला.

एकच विचार डोक्यात गरगरत असेल तर अगदी सपाट ड्रोन टाळा. त्यात मनाला धरायला काहीच नसतं, त्यामुळे विचारांना मोकळं रान मिळतं. अशा वेळी दर काही सेकंदांनी नवा सूर येणारं, पाण्याचा किंवा पक्ष्यांचा आवाज मिसळलेलं संगीत जास्त उपयोगी पडतं.

अभ्यास किंवा काम करताना चालेल का?

चालेल. शब्द असलेलं गाणं वाचन-लेखनात आडवं येतं, कारण भाषा समजून घेणारी तीच यंत्रणा दोन्हीकडे ओढली जाते. पाढे, आकडे, क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टी असतील तर शब्दांशिवायचे पण सारखे बदलणारे सूरही अडथळा आणतात. तिथे सपाट ड्रोन किंवा नुसता नॉइज, म्हणजे सूर नसलेला सलग ‘श्श’सारखा आवाज, बरा. कामात डोकं घालण्यापूर्वीच संगीत सुरू करा, मध्येच ट्रॅक शोधायला उठू नका.

पांढरा, गुलाबी, तपकिरी नॉइज हे काय आहे?

पांढऱ्यात सर्व कंपनसंख्यांना सारखी ऊर्जा असते, म्हणून तो कानाला तीव्र, ‘श्श’ असा लागतो. गुलाबी दर सप्तकाला ३ डेसिबलने उतरतो आणि एकसारख्या पावसाजवळ जातो. तपकिरी ६ डेसिबलने उतरतो, दूरच्या धबधब्यासारखा. बोलण्याचे आवाज झाकायला गुलाबी, नुसती ऊब हवी तर तपकिरी. आयफोनवर २०२१ च्या आयओएस १५ पासून असे आवाज आतच आहेत. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत, ऑडिओच्या भागात ‘पार्श्वभूमीचे आवाज’ शोधा. इंटरनेट लागत नाही आणि जाहिरातही येत नाही.

४३२ हर्ट्झचं संगीत जास्त शांत करतं म्हणतात?

त्याला भक्कम आधार नाही. पाश्चात्त्य वाद्यं ज्या ‘ए’ सुरावर जुळवतात त्याच्यासाठी ४४० हर्ट्झ ही १९३९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेली सोयीची पट्टी आहे. ४३२ त्याहून अर्ध्या स्वराच्या जेमतेम एक तृतीयांशाने खाली. थोडं खालच्या पट्टीतलं कानाला मऊ लागू शकतं, पण रोग बरे होण्याचे दावे सोडून द्या. आवडलं तर ऐका.

बायनॉरल बीट्स?

दोन कानांना किंचित वेगळे सूर दिले, समजा २०० आणि २०६ हर्ट्झ, तर मेंदू सेकंदाला सहा अशी डोलणारी लाट ऐकतो. हाइनरिश डोव्हे यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं. परिणाम खरा आहे, पण त्याने चिंता किंवा झोपेवर किती फरक पडतो याचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. हेडफोनशिवाय तो मिळतच नाही. स्पीकरवर लावलेले ‘बायनॉरल’ ट्रॅक हे साधं अँबियंटच समजा. अपस्मार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कानात सतत शिट्टी वाजते, त्यावर उपयोग होतो का?

दिलासा मिळतो, शिट्टी जात नाही. शांततेत ती जास्त ठळक होते, म्हणून मागे मंद आवाज ठेवायचा. शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा नको. ती किंचित ऐकू येत राहील इतपतच, म्हणजे मेंदूला तिची सवय होते. एकाच कानात वाजत असेल, नाडीबरोबर ठोके पडत असतील किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर संगीताच्या भरवशावर राहू नका, लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा.

तान्ह्या बाळासाठी?

यंत्र किंवा फोन पाळण्यापासून किमान दोन मीटर दूर, पाळण्यापाशी ५० डेसिबलपेक्षा कमी आणि बाळ झोपलं की बंद. बाजारातली काही यंत्रं पूर्ण आवाजात, जवळून, बाळाच्या कानाला धोक्याच्या पातळीवर जातात.

स्वतःला हवं तसं संगीत घरी बनवता येईल का?

येईल, आणि करून पाहाच. आपल्या माणसाच्या गुणगुणण्यातून किंवा घरातल्या पेटीच्या एका सुरातून बनवलेलं संगीत जो आधार देतं तो विकतच्या ट्रॅकला येत नाही.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. शांत खोलीत एक सूर दहा ते वीस सेकंद रेकॉर्ड करा. सुरुवातीचा आघात कापून टाका. तो राहिला तर पुढे ताणल्यावर सुरुवातीला भसाडा डाग ऐकू येतो. मग इफेक्टमधलं पॉलस्ट्रेच निवडा, ते आवाज कित्येक पट लांब ताणतं. स्ट्रेच फॅक्टर १० आणि टाइम रिझोल्यूशन ०.२५ सेकंद हे तिथे आधीच भरलेलं असतं, सुरुवातीला तेच ठेवा. पंधरा सेकंदांचे अडीच मिनिटं होतात. ऐकताना थरथर जाणवली तर रिझोल्यूशन ०.५ करा.

आता खरी गंमत. सा, प आणि वरचा सा असे तीन सूर तीन ट्रॅकवर घ्या आणि वेगवेगळ्या लांबीच्या लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजत राहणारे तुकडे, करा: १७, २३ आणि २९ सेकंद. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना ३ सेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर सांध्याला टिक असा आवाज येतो. या तिघांची तीच जुळणी पुन्हा यायला ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तास नऊ मिनिटं लागतात. सामग्री अवघी ६९ सेकंदांची, तरी तोवर तीच जुळणी पुन्हा येत नाही. विमानतळासाठी केलेल्या संगीतात ईनो यांनी हाच मार्ग वापरला. त्यातली एक लूप साडेतेवीस सेकंदांची होती, दुसरी जवळपास सव्वीस.

तयार झाल्यावर सगळ्यात मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मापावर (तिथे ० ही कमाल पातळी) -६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं पाहा आणि शक्यतो वेव्ह फाइलमध्ये साठवा. एमपीथ्रीच्या दोन्ही टोकांना बारीक पोकळी राहते आणि लूप दर फेरीला अडखळते.

औषध किंवा समुपदेशन थांबवून याच्यावर भागेल का?

नाही. त्यांच्या जोडीला ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन खचलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नका.

कधी ऐकू नये?

रात्री किंवा लांबच्या रस्त्यावर गाडी चालवताना नको, झोप अनावर होते. रस्ता ओलांडताना हेडफोन काढा. स्वयंपाकघरात गॅसवर काही ठेवून याच्या नादात आडवं होऊ नका. आणि घरात दुसऱ्या कोणाला तो सलग सूर नकोसा वाटत असेल तर त्यांच्या खोलीत तो पोचू देऊ नका. एकाला शांत करणारा ड्रोन दुसऱ्याच्या कानाला डोकेदुखी ठरू शकतो.